रुंद खुरांची गाडी

गाडी माझ्यासाठी घेतली होती. हे मी सुरुवातीलाच लिहून ठेवते, कारण गाडी दारात आल्यावर पुढच्या सहा महिन्यांत ही गोष्ट घरातल्या प्रत्येकाच्या डोक्यातून साफ निघून गेली होती.

हिंगोली वेगळा जिल्हा होऊन चारेक वर्षं झाली होती, तेव्हाची ही गोष्ट. आमचा तांडा आखाडा बाळापूरहून वारंगा फाट्याकडे जाताना, रस्ता सोडून थोडा आत. माझी जिल्हा परिषदेची शाळा मात्र कळमनुरीच्याही पलीकडे, डांबरी सोडून सात किलोमीटर आडवाटेला. दोन काळीपिवळी जीप बदलायच्या आणि उरलेलं चालायचं. जीपवाला चौदा माणसं भरल्याशिवाय हलायचा नाही, आणि चौदावी बहुतेक मीच असायचे, मागच्या फळीवर अर्धी आत, अर्धी बाहेर, मांडीवर वह्यांचा गठ्ठा. रोज उशीर व्हायचा आणि रोज मुख्याध्यापक माझ्याकडे न बघता घड्याळाकडे बघायचे.

शेवटी घरात बैठक बसली आणि मला सोडून सगळ्यांनी मिळून ठरवलं, की जूनपासून मी शाळेच्या गावात खोली करून राहावं. शनिवारी यावं, सोमवारी जावं. लेक जूनमध्ये पहिलीत जाणार होती, ती इथंच आजीपाशी राहील. "नवख्या गावात एकटी बाई अन् संगं लेकरू, न्हाई जमायचं," सासूबाई म्हणाल्या. पोरीला माझ्याच शाळेत, माझ्याच वर्गात बसवायचं, हे ती चालायला लागली तेव्हापासून मी मनात ठरवून ठेवलं होतं. ते मला कोणी विचारलंच नाही. आठवडाभर धुमसत राहिले आणि मग एक दिवस भाकरी वाढता वाढता नवऱ्याला सांगून टाकलं, की गाडी घेऊ, मी शिकते, मी आणि लेक रोज जाऊन येऊ.

नवऱ्याला गाडीची हौस होतीच. त्याला माझी अडचण पटली की स्वतःची हौस, हे मी खोदून विचारलं नाही. एवढंच ठरलं, की जूनच्या आत मला पक्कं लायसन मिळालं तर गाडी, नाही तर खोली.

दिवाळीनंतर नांदेडच्या एका डॉक्टरांची वापरलेली गाडी आली. पांढरी, छोटी, आटोपशीर. मी बाळापूरच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये महिनाभर शिकले आणि डिसेंबरात कच्चं लायसन काढलं. त्याची मुदत सहा महिने. गाडी माझ्या हातात इतकी छान बसली, की मलाच नवल वाटायचं. आमच्या अंगणात एका बाजूला कडुलिंब, दुसऱ्या बाजूला शेळ्यांचं पत्र्याचं शेड आणि मधे सिमेंटची पाण्याची टाकी. या तिघांच्या मधून मी गाडी एका फेरीत वळवून तोंड रस्त्याकडे करायची. तांड्यातल्या बाया कामं टाकून बघायला यायच्या. खोटं कशाला बोलू, मला त्याचा माज चढला होता.

मग जानेवारीत कालव्याचं पाणी सुटलं, आमच्या शेतवाटेवर पसरलं, आणि नवऱ्यानं गाडी त्यात घातली. लक्षात घ्या, नवऱ्यानं, मी नव्हे. काळी माती ती. गाडी रुतली, बैलजोडी लावून ओढून काढावी लागली. आणि तिथं सासरे आले.

सासऱ्यांबद्दल दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. पहिली, त्यांचे वाडवडील बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूखभर फिरायचे. लदेणी म्हणतात आमच्यात. सासऱ्यांच्या वाट्याला शेती आणि शेळ्याच आल्या, पण बैलाची पारख त्यांच्या रक्तात होती. बाळापूरच्या बाजारात लोक बैल घेण्याआधी त्यांना बोलावून न्यायचे. दुसरी गोष्ट, आमच्यात सून सासऱ्याशी थेट बोलत नाही. पदर पुढे ओढायचा आणि जे काय सांगायचं ते मधल्या माणसाला सांगायचं. मधलं माणूस नसेल तर भिंतीला सांगायचं, शेळीला सांगायचं. सासरे ऐकतात, आणि त्यांनाही काही म्हणायचं असेल तर तेही शेळीलाच म्हणतात. मी शिकलेली, पगार घेणारी, तरी लग्नाला सात वर्षं होऊन त्यांना उद्देशून एक शब्द बोलले नव्हते. हे सगळं आम्ही आमच्या बोलीत बोलायचो. इथं मी ते बाजाराच्या मराठीत लिहिते आहे, म्हणजे चार लोकांना कळेल.

तर सासरे ओढून काढलेल्या गाडीपाशी उकिडवे बसले, चिखलातलं टायर हातानं पुसलं आणि मुलाला म्हणाले, "एवढंसं खूर अन् त्यावर एवढं धूड. रुतंल न्हाई तर काय व्हईल? बैल घेताना आपुन काय पाहतो? खूर रुंद पाहतो. रुंद खुराचा बैल चिखलात बी हुबा राहतो."

मी पदराआडून सासूबाईंना म्हटलं, "त्यांना सांगा, गाडीला खूर नसतं. कंपनीनं मापून बसवलेलं असतं."

सासूबाईंनी ते सांगितलं की गिळलं, कोण जाणे. नवऱ्याला मात्र बापाचं म्हणणं एकदम पटलं. आयुष्यात पहिल्यांदाच पटलं असेल. त्याच्या डोळ्यांपुढे बाळापूरच्या एका गुत्तेदाराची, म्हणजे कंत्राटदाराची, रुंद टायरांची गाडी तरळत होती, हे मला चेहऱ्यावरूनच कळलं. रुबाब हवा होता, आणि आता त्याला वडिलांचं कारणही मिळालं.

पुढच्या रविवारी आम्ही सगळे वारंगा फाट्यावर. तिथला टायरवाला खरा ट्रकांचा. छोट्या गाडीचं काम त्याच्याकडे क्वचितच यायचं. मी विचारलं, टायर रुंद घ्यायचं तर रिमही बदलावं लागेल ना? तो हातोडा पुसत म्हणाला, "फिकर नक्को मॅडम. रिम वोइच रहने दो, टायर चढता. गाडी रोडकू चिपक के चलती." आणि चढवलंच त्यानं. रिम कंपनीचंच, अरुंद, आणि टायर दोन बोटं जास्त रुंद. हवा भरल्यावर ते मधून असं फुगलं, जसं पोट सुटलेल्या माणसानं लग्नातला सदरा घालावा. मी नवऱ्याला ते दाखवलं. तो दोन पावलं मागे सरून, मान तिरकी करून गाडी बघत होता. "काय दिसून राहिली!" म्हणाला. सासऱ्यांनी चारही टायरांवर एकेक थाप मारली, बैलाच्या पुठ्ठ्यावर मारतात तशी. पाचवं टायर, डिकीतली स्टेपनी, तेवढी जुनीच राहिली. तिच्याकडे कोणाचं लक्ष गेलं नाही.

काढलेली चार टायरं सासऱ्यांनी घरी आणली. तीन शेळ्यांच्या शेडवर, वाऱ्यानं पत्रे उडू नयेत म्हणून दाबाला ठेवली आणि एक मधोमध कापून शेळ्यांना पाणी पाजायला केलं. इतक्या हौसेनं कापलं, की मला बघवेना.

दुसऱ्या दिवशी मी अंगणात गाडी वळवायला गेले आणि स्टिअरिंग हलेना. पूर्वी दोन बोटांनी फिरायचं, आता दोन्ही हातांनी लोंबकळावं लागलं. कसंबसं पूर्ण फिरवलं तर खालून खर्रर्र आवाज, जसं कोणी पत्र्यावरून विळा ओढतंय. घाबरून सोडलं. मागे घेतलं, पुन्हा पुढे, पुन्हा मागे. पाण्याच्या टाकीचा कोपरा गेला. बाया बघतच होत्या. एकजण दुसरीला म्हणाली, "मागं तर भवऱ्यावानी फिरवत व्हती, आता काहून अशी करून राहिली?"

मी नवऱ्याला सांगितलं, टायर घासतंय. त्यानं चालवून पाहिली. सरळ बाळापूरला गेला, सरळ परत आला, गाडी रस्त्याच्या कडेला लावली आणि चालत घरी आला. "मले तर कायीच तकलीफ न्हाई. मक्खन चालती." अरे, वळवली कुठं तू? त्याच्या दंडात जोर, आणि त्यानं कधी ती अंगणात आणलीच नाही. मी पुन्हा सांगितलं. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी वर्गातल्या गृहपाठ न केलेल्या पोराकडे पाहते. तळपायाची आग मस्तकात गेली.

मार्चमध्ये कळमनुरीला आरटीओचा कॅम्प लागला. मैदानात विटा मांडून इंग्रजी आठाचा आकडा केलेला, त्यातून गाडी मागे मागे आणायची. डिसेंबरात मी हा आठ झोपेतही काढला असता. त्या दिवशी पहिल्याच वळणावर खर्रर्र झालं, हात भरून आले, आणि तीन विटा आडव्या. साहेब भला माणूस होता. चिडला नाही. "हात अजून बसला नाही बाई. सराव करा," एवढंच म्हणाला. हात बसला नाही! मला ओरडून सांगावंसं वाटलं, की हात बसला होता हो, तुम्ही दोन महिने उशिरा बघताय. पण मागे नापास झालेल्यांची रांग उभी होती, आणि त्यातला प्रत्येक जण गाडीलाच दोष देत होता. मी कुठल्या तोंडानं बोलणार?

परत येताना नवरा गाडी चालवत म्हणाला, "जाऊ दे. बायामानसाचं काम न्हाई ते. खोलीच बराबर." एप्रिलच्या कॅम्पला त्यानं मला नेलंच नाही. गाडीची किल्ली दाराआडच्या खिळ्यावर लटकू लागली आणि सासूबाईंनी माझ्यासाठी खोलीवर न्यायची भांडी वेगळी काढायला सुरुवात केली. एक पातेलं, एक तवा, दोन ताटल्या. लेक रोज ती भांडी मोजायची आणि विचारायची, "दोन ताटल्या कशाला, आई? तू तर एकटीच ना?" मला रडू यायचं, आणि रडण्यापेक्षा जास्त राग यायचा. माझ्या पोरीपासून मला एक टायर तोडत होतं, आणि हे ऐकायलासुद्धा कोणी तयार नव्हतं.

एप्रिलअखेर सासऱ्यांचा गुडघा सुजला. त्याच दिवशी आमच्या भुईमुगाला कालव्याच्या पाण्याची पाळी होती, आणि नवरा कृषी केंद्राच्या कामानं एसटीनं नांदेडला गेलेला. पाळी चुकली तर पुढचे पंधरा दिवस पाणी नाही. सासरे दारात बसून शेळीला म्हणाले, "गाडी असून काय फायदा?" शेळी गप्प राहिली. मी खिळ्यावरची किल्ली काढली, लेकीला पुढं बसवलं, आणि सासरे पदराचा मान राखत मागच्या सीटवर कोपऱ्यात बसले.

शेतवाटेवर पाणी होतंच. मी जपून घातली. शंभरेक पावलं गेलो असू, गाडी जड होत गेली आणि एका जागी अशी थांबली, जसं कोणी चारही पायांना दावं बांधावं. रुतली नव्हती. रुतली असती तर मला कळलं असतं. चाकंच फिरेनात. मी खाली उतरले. काळा चिखल त्या रुंद टायराला चिकटून वर मडगार्डात गेला होता आणि तिथं तिळमात्र जागा नसल्यानं दाबून दाबून बसला होता, विटेच्या साच्यात बसतो तसा.

सासरे लंगडत उतरले. लेकीला म्हणाले, "तुज्या आयीला म्हन, जोरात रेस कर. खूर रुंद हाय, निघंल."

लेकीनं माझ्याकडे तोंड केलं. "आई, आजोबा म्हनतेत..."

आणि माझा बांध फुटला. पदर कुठं होता देव जाणे. मी सरळ सासऱ्यांकडे बघून ओरडले, "मामंजी, तो बैल न्हाई! खूर रुंद केलं, पर पाय तोच हाय अन् चाकाचं घर तेवढंच हाय! फिरायला जागा कुठंय त्याला? मी तीन महिने सांगून राहिले, घासतंय, घासतंय! तुमच्या त्या खुरापायी माजी लेक माज्यापासून चालली!"

सात वर्षांतला पहिला शब्द तो. लेकीचं तोंड उघडंच राहिलं. आता घरी काय वाढून ठेवलंय, याचा विचार माझ्या डोक्यात सुरू झाला.

सासऱ्यांनी बांधावरची एक काडी घेतली आणि सुजलेला गुडघा लांब करून चाकापाशी बसले. चिखल खरवडला. आतलं प्लास्टिक घासून घासून फाटलं होतं, त्याची कड त्यांनी बोटानं चाचपली. टायराच्या काठालाही चकाकणारी घास पडली होती. मग टायर आणि मडगार्ड यांच्यामधे बोट घालून पाहिलं. बोट जाईना. करंगळी घातली, तीही जाईना. उठले, डिकी उघडायला लावली आणि स्टेपनी बाहेर काढून चाकाशेजारी उभी केली. आधी नव्यावर वीत ठेवली, मग जुन्या स्टेपनीवर. पुन्हा नव्यावर. बाजारात बैलाचे दात बघताना चेहरा करतात तसा चेहरा.

"आवाज कवापासून व्हता?" त्यांनी विचारलं. कोणाला, ते मला कळेना. लेक तर चिखलात खेळत होती.

"पहिल्या दिसापासून," मी म्हटलं.

"हं," म्हणाले. मग आम्ही दोघांनी काडीनं चारही चाकं मोकळी केली आणि पाळीचं पाणी गाठलं. येताना ते मागे न बसता पुढे बसले. अंगणात मी वळवायला लागले तेव्हा डोळे मिटून त्या खर्रर्रकडे कान लावून होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेडवर खडखडाट झाला. बघते तर सासरे, गुडघा तसाच सुजलेला, पत्र्यावर चढून टायरं खाली फेकत होते. तीन पत्र्यावरची, एक स्टेपनी, चार झाली. कापलेलं तेवढं शेळ्यांकडे राहिलं. नवरा नांदेडहून आला तो हे बघून कासावीस झाला. "बापू, ही झिजकी टायरं? बाजारात लोक हसतील मले."

"हसू दे," सासरे म्हणाले. "चूक माजी व्हती. तू काहून लाजतो?"

ते वाक्य मी उंबऱ्याआडून ऐकलं. चूक माजी व्हती. घरात पुरुषाच्या तोंडून हे शब्द मी तोवर ऐकले नव्हते, आणि खरं सांगायचं तर नंतरही फारसे ऐकले नाहीत.

मेच्या शेवटच्या कॅम्पला आम्ही जुनी टायरं चढवून, स्टेपनीशिवायच गेलो. पंक्चर झालं असतं तर तिथंच संपलं होतं. सासरे हट्टानं बरोबर आले आणि नातीला घेऊन मैदानाच्या कडेला बसले. विटा तशाच मांडलेल्या, साहेबही तेच. मी आठ काढला. पहिलं वळण घेताना कान खर्रर्रची वाट बघत होते, आणि ते आलंच नाही. एकही वीट हलली नाही. दुसऱ्या वळणाला तर मी एक हात सोडून पदर सारखा केला.

साहेब सही करता करता म्हणाले, "बघा, सराव केला. आता बसला हात."

नवरा खूश होऊन म्हणाला, "मी म्हनतच व्हतो सायब, शिकली शेवटी."

मी कपाळाला हात लावला. दोन महिने खिळ्यावर लटकलेल्या किल्लीवर मी काय सराव केला होता? पण लायसन हातात पडतंय तर पडू दे, म्हणून तोंड मिटलं. तेवढ्यात सासरे लंगडत आले आणि टेबलावर हात टेकून म्हणाले, "न्हाई सायब. हात मागल्या बारीला बी हाच व्हता. पाय बदलले गाडीचे." साहेबांना काही कळलं नाही. त्यांनी पुढच्या माणसाला हाक मारली.

काढलेली रुंद टायरं सासऱ्यांनी शेडच्या पत्र्यावर चढवली, जुन्यांच्या जागी. शाळा उघडायच्या आदल्या संध्याकाळी वारा सुटला, पाऊस नाही, नुसता वारा. तांड्यात सात-आठ घरांचे पत्रे उडाले. आमच्या शेडचा एक पत्रा हलला नाही. सकाळी मी अंगणात आले तर सासरे शेडकडे बघत उभे. मला पाहून वळले आणि सरळ माझ्याकडे बघत, मधे ना लेक, ना शेळी, म्हणाले, "पाहिलं का सूनबाई? म्हनलं न्हवतं मी? रुंद खूर हालत न्हाई."

असा राग आला! एवढं सगळं होऊन शेवटचा शब्द पुन्हा त्यांचाच. "व्हय मामंजी," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

सासूबाईंनी वेगळी काढलेली भांडी परत फळीवर गेली होती. लेकीच्या नव्या दप्तरात एक पाटी आणि आमच्या दोघींचा एकच डबा. तिला पुढं बसवलं, कडुलिंब, शेड आणि टाकी यांच्या मधून एका फेरीत गाडी वळवली आणि आम्ही शाळेला निघालो.